‘औदुंबर’च्या आठ ओळी : मात्रा, यमक आणि घाट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेच्या पहिल्या ओळीत तुम्ही अक्षरे मोजली, ती १९ भरली आणि विरामही नेमका बाराव्या अक्षरानंतर आला, म्हणून तुम्ही वृत्त ‘शार्दूलविक्रीडित’ असे लिहिले. पुढच्या ओळीत १६च अक्षरे निघाल्यावर तुम्ही मात्रांकडे (लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक, गुरू म्हणजे दीर्घ अक्षराच्या दोन) वळलात, तर त्या ओळीओळीने २६, २६, २७, २८, २७, २८, २६, २६ अशा आल्या. त्यावर कोणी तुम्हाला ही कविता मुक्तछंदात आहे असे सांगितले, तर दुसऱ्या कोणी हे सुनीताचे (‘सॉनेट’चे) अष्टक, म्हणजे त्यातल्या पहिल्या आठ ओळी, असल्याचे सांगितले. इतक्या लहान कवितेचे वृत्त, यमक आणि घाट (रचनेचा आकार) यांबद्दल उत्तरात खात्रीने काय लिहिता येईल, हे तुम्हाला हवे आहे. बोलण्याआधी कविता समोर ठेवू; जुन्या लेखनपद्धतीनेच देतो, कारण त्या पद्धतीचा पुढे उपयोग होणार आहे.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढें.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

शार्दूलविक्रीडिताचा तुमचा तर्क चुकला असला तरी तो निष्काळजीपणाचा नाही. या वृत्तात १९ अक्षरे असतात आणि यती, म्हणजे ओळीतला ठरलेला विराम, बाराव्या अक्षरावर येते. ‘ऐल तटावर पैल तटावर’ ही खरोखरच बारा अक्षरे आहेत. तुम्ही योगायोगाला फसलात. अक्षरगणवृत्त मात्र अक्षरांच्या संख्येवर ठरत नाही, लघु-गुरूंच्या ठरलेल्या क्रमावर ठरते. शार्दूलविक्रीडिताची सुरुवात ‘म’ गणाने, म्हणजे सलग तीन गुरूंनी होते. ‘ऐल त’ मध्ये गुरू, लघु, लघु असा ‘भ’ गण आहे, म्हणजे दुसऱ्याच अक्षराला हे वृत्त बाद होते. आठही ओळींची अक्षरसंख्या पाहिली तर ती १९, १६, १८, १८, १९, १८, १८, १८ अशी आहे. त्यामुळे अक्षरगणवृत्त नाही आणि अक्षरांची संख्या सांभाळणारा ओवी-अभंगांसारखा छंदही नाही, एवढे निश्चित होते. राहते ती मात्रांवर चालणारी रचना, म्हणजेच जाती.

आता तुमच्या मात्रांच्या आकड्यांकडे. त्यांत २८ हा आकडा दोनदा आला आहे, चौथ्या आणि सहाव्या ओळीत, आणि दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू, हा शाळेत पाठ केलेला नियम तुम्ही ‘मळ्यांची’ मधल्या ‘म’ला आणि ‘हिरव्या’ मधल्या ‘र’ला लावलात. हा नियम अर्धवट पाठ होतो. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडत असेल तरच ते गुरू होते. ‘सत्य’ म्हणून पाहा. ‘स’वर जीभ थबकते. ‘हिरव्या’ म्हणताना ‘र’वर ती थबकत नाही. मराठीत ‘य’ किंवा ‘ह’ यांच्याशी झालेली पुष्कळ जोडाक्षरे अशी हलकी असतात. ‘तुम्ही’, ‘कुऱ्हाड’ ही नेहमीची उदाहरणे. तेव्हा ‘शेतमळ्यांची’ आठ मात्रांचे आणि ‘हिरव्या’ चार मात्रांचे. दोन्ही ओळी २७वर येतात.

अनुस्वाराचेही तसेच आहे. ‘गांव’, ‘सांवळा’, ‘पुढें’ यांतले अनुस्वार जुन्या लेखनातले अनुच्चारित अनुस्वार आहेत आणि १९६२च्या शुद्धलेखन-नियमांनंतर ते छापले जात नाहीत. या कवितेत ते आधीच गुरू असलेल्या अक्षरांवर बसलेले असल्यामुळे मोजणी बिघडत नाही. पण जुन्या पुस्तकात ‘हंसणे’ दिसले, तर त्यातला ‘हं’ डोळ्याला गुरू दिसेल आणि कानाला लघुच लागेल. अशा वेळी कानाचे ऐकावे. ‘औदुंबर’ मधला ‘दुं’ मात्र खऱ्या, उच्चारित अनुस्वाराचा आहे आणि तो गुरूच धरायचा. मोजताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. बोलताना आपण ‘ऐल्’, ‘जळ्’, ‘गोड्’ असे शेवटचा ‘अ’ गिळून म्हणतो. पद्यात त्या ल, ळ, ड यांची प्रत्येकी एक मात्रा पूर्ण द्यावी लागते. गद्याच्या उच्चाराने मात्रा मोजणाऱ्याचा हिशेब नेहमी तुटीत जातो.

पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन ओळींत २६ मात्रा येतात, ही तुमची मोजणी अचूक आहे. तिथे चूक नसून प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ओळीची पूर्ण चाल कळल्यावर मिळते. टेबलावर बोटाने आठाचा ठेका धरा आणि तिसरी ओळ म्हणा : ‘चार घरांचे’ आठ, ‘गांव चिमुकले’ आठ, ‘पैल टेकडी’ आठ, आणि शेवटी उरतात ‘कडे’ या तीन मात्रा. ८+८+८+३, एकूण २७. चौथी ओळही तशीच : ‘शेतमळ्यांची’, ‘दाट लागली’, ‘हिरवी गरदी’ आणि मग ‘पुढें’. आठ मात्रांच्या आवर्तनाला छंदःशास्त्रात पद्मावर्तन म्हणतात. तीन पद्मावर्तने आणि तीन मात्रांचे शेपूट, असा हा साचा आहे.

कवी माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचना’ या छंदःशास्त्रावरील ग्रंथाच्या परंपरेत या जातीचे नाव समुदितमदना आहे. नाव ऐकून बिचकू नका, ते जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’तल्या एका ओळीवरून आले आहे : ‘समुदितमदने रमणीवदने चुम्बनवलिताधरे’. याच ठेक्यावर म्हणून पाहा : ‘समुदितमदने’ आठ, ‘रमणीवदने’ आठ, ‘चुम्बनवलिता’ आठ आणि ‘धरे’ तीन. यमुनेच्या वाळवंटातल्या शृंगारासाठी वापरलेली चाल खानदेशच्या कवीने एका झाडाजवळ बसवली, ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते. तिच्यातून कवितेचा काही अर्थ मात्र निघत नाही. वृत्ताचे नाव हा पत्ता आहे. घर आत जाऊनच पाहावे लागते. तुमच्या उत्तरात नावापुरती एक ओळ पुरे.

आता २६चा प्रश्न. तीन आवर्तने पूर्ण झाल्यावर चौथ्या आवर्तनातल्या पहिल्या तीनच मात्रा शब्दांना मिळतात आणि उरलेल्या पाच मात्रा मौनाच्या असतात. ठेका चालू राहतो, पण तोंड बंद असते. ‘कडे’, ‘पुढें’, ‘पडे’ यांत लघु-गुरू मिळून तीन मात्रा उघडच भरतात. ‘(घे)उन’, ‘(बेटां)तुन’, ‘(लाटां)वर’, ‘(औदुं)बर’ यांत दोनच लघु आहेत, म्हणजे शब्दाच्या दोन मात्रा, आणि तिसरी मात्रा शेवटच्या अक्षराच्या लांबणीतून किंवा त्यानंतरच्या विरामातून येते. चरणाच्या शेवटचा लघु विकल्पाने गुरू मानावा, ही जुनी सवलत याच अनुभवातून आली आहे. म्हणून लिहिताना ‘२७ मात्रा, पहिल्या आणि शेवटच्या जोडीत अंत्य लघु दीर्घवत’ असे लिहावे. २६ आणि २७ यांची सरमिसळ आहे म्हणून वृत्त सैल आहे, असे मात्र लिहू नये. मुक्तछंदाचा दावा इथेच निकालात निघतो. कवी अनिलांचा मुक्तछंद मराठीत आला तो बालकवींच्या १९१८तल्या निधनानंतर, पण तारखेचीही गरज नाही. ज्या रचनेत आठही ओळी एकाच ठेक्यावर एकाच जागी संपतात तिला मुक्त म्हणणे कठीण आहे.

शेवटचे ते पाच मात्रांचे मौन किती मोलाचे आहे, हे याच कवीच्या ‘श्रावणमास’शी ताडून पाहिल्यावर कळते. ‘श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे’ ही ओळ ८+८+८+६ अशी ३० मात्रांची, हरिभगिनी जातीची आहे. पहिली तीन आवर्तने दोन्ही कवितांत सारखीच आहेत. फरक शेपटीचा आहे. ‘चोहिकडे’ सहा मात्रा घेते, मागे दोनच मात्रांची उसंत उरते आणि पुढची ओळ लगेच धावत येते. ‘औदुंबर’मध्ये प्रत्येक ओळीमागे पाच मात्रांची शांतता आहे. एक कविता बागडते आणि दुसरी थांबत थांबत पाहते, ही जाणीव वाचकाला होतेच. विश्लेषकाने ती कशामुळे होते हे दाखवायचे असते, आणि इथे ते दोन मात्रा आणि पाच मात्रा इतक्या नेमकेपणाने दाखवता येते.

वृत्त ओळखले की काम संपले, असे मानणारी उत्तरे मी वर्षानुवर्षे तपासली आहेत. माझ्या मते खरे काम त्यानंतर सुरू होते. साचा हाती आला की त्यात कवीने शब्द कुठे आणि कसे तोडून बसवले आहेत ते पाहायचे. आठ मात्रा ३+५ अशाही भरता येतात आणि ४+४ अशाही. या कवितेत दुसरे आवर्तन सलग खाली वाचत जा : ‘पैल तटावर’, ‘झरा वाहतो’, ‘गांव चिमुकले’, ‘दाट लागली’, ‘(पां)ढरी तयांतुनि’, ‘मधुनि चालली’, ‘गोड काळिमा’. सातही ठिकाणी ३+५. एक लहान पाऊल आणि एक लांब पाऊल, अशी ही किंचित लचकणारी चाल आहे. तिसरे आवर्तन वाचा : ‘बेटाबेटां’, ‘हिरवी गरदी’, ‘अडवीतिडवी’, ‘काळ्या डोहा’, ‘पसरी लाटां’. इथे ४+४, दोन्ही पावले समान. अपवाद दोनच, पहिल्या ओळीतले ‘हिरवाळी घे’ (६+२) आणि तिसऱ्या ओळीतले ‘पैल टेकडी’ (३+५). म्हणजे बहुतेक ओळी लचकत निघतात, मध्ये सावरतात आणि तीन मात्रांवर थांबतात.

आता आठव्या ओळीचे दुसरे आवर्तन पाहा : ‘जळांत बसला’. ४+४. सात ओळी ज्या जागी ३+५ होती, त्या जागी आठव्या ओळीत पहिल्यांदाच समान पावले पडतात. त्यानंतर ‘असला औदुं’ पुन्हा ४+४. म्हणजे ‘पाय टाकुनी’ पर्यंत जुनी चाल आहे आणि ‘बसला’ येताच लयही बसते. चार-चार मात्रांचे चार तुकडे एकापाठोपाठ येण्याचा प्रसंग कवितेत याआधी आलेला नाही. कवीने हे बोटांवर मोजून केले असे मी म्हणणार नाही. चांगला कवी कानाने लिहितो आणि मोजणी आपल्यासारख्यांच्या वाट्याला येते. पण परिणाम ओळीत आहे, तो मोजता येतो, आणि तुमच्या उत्तरातला सर्वांत भक्कम मुद्दा हाच असेल.

पाचव्या ओळीत याच्या उलटे घडते. बाकी सर्व ओळींत पहिले आवर्तन शब्दाच्या किंवा निदान शब्दातल्या एखाद्या सांध्याच्या जागी संपते (‘कुरणां-मधुनि’ हा तसा सांधा आहे). पाचव्या ओळीत आठवी मात्रा ‘पांढरी’ या शब्दाच्या पोटात पडते : ‘पायवाट पां’ आठ आणि ‘ढरी तयांतुनि’ आठ. ठेका धरून म्हटले तर शब्द तुटतो, आणि शब्द सांभाळला तर ठेका तिरका पडतो. ही ओळ अडवीतिडवी पडणाऱ्या पायवाटेची आहे. इथे वाहवत जाण्याचा मोह होतो, म्हणून एक सावधगिरीची सूचना. यतिभंग, म्हणजे विरामाच्या जागी शब्द तुटणे, दिसला की त्याला अर्थ चिकटवणे सोपे असते आणि दहापैकी बऱ्याच वेळा तो केवळ कवीची अडचण असतो. इथे मी अर्थाचा संबंध मानतो, कारण आठ ओळींत पहिल्या आवर्तनाच्या शेवटी असा प्रसंग एकदाच आला आहे आणि नेमका त्याच ओळीत ‘अडवीतिडवी’ हा शब्द आहे. दुसऱ्या दोन ओळींतही शब्द असे तुटले असते, तर मी हा मुद्दा सोडून दिला असता.

तीन मात्रांच्या शेपटीतले शब्द एका खाली एक लिहिले, तर कवितेचा घाट जवळजवळ उघडा पडतो : उन, तुन, कडे, पुढें, पडे, कडे, वर, बर. ‘पडे’ हे क्रियापद सोडले तर पहिल्या सातांतले सगळे प्रत्यय किंवा संबंध दाखवणारे शब्द आहेत. कशातून, कुणीकडे, कशाच्या पुढे, कशावर. ओळ दरवेळी दिशा दाखवून थांबते आणि मौनात नजर त्या दिशेला जाते. आठव्या ओळीच्या शेवटी मात्र ‘बर’ आहे, आणि तो प्रत्यय नव्हे, ‘औदुंबर’ या नामाचाच तुकडा आहे. सात ओळी दिशा दाखवत होत्या, आठव्या ओळीत वस्तू आली. शीर्षकात झाडाचे नाव असूनही कवितेत ते शेवटच्या शब्दापर्यंत आलेले नाही, हे सर्वच वाचकांच्या लक्षात येते; ओळींच्या शेपट्या वाचल्या की त्याची तयारी किती आधीपासून चालू होती ते दिसते.

यमकाकडे वळतो. मराठीत चांगल्या यमकासाठी शेवटचे अक्षर आणि त्याच्या आधीचा स्वर, दोन्ही जुळावेत अशी अपेक्षा असते. ‘घेउन–बेटांतुन’ यांत ‘उन’ जुळते. ‘पडे–डोहाकडे’ चोख आहे. ‘लाटांवर–औदुंबर’ यांतही ‘अर’ जुळते, आणि ‘व’ व ‘ब’ दोन्ही ओठांतून येणारे वर्ण असल्याने जुळणी अधिक जवळची वाटते. ‘टेकडीकडे–पुढें’ मात्र सैल आहे. व्यंजन ‘ड’ आणि ‘ढ’, आधीचा स्वर ‘अ’ आणि ‘उ’. फक्त द्विपदींच्या हिशेबाने मांडणी ‘अअ बब कक डड’ अशी लिहिता येईल. पण मधल्या चार ओळींचे शेवट कडे, पुढें, पडे, कडे असे असल्याने कानाला ते एकच कुटुंब वाटते, आणि सैल जोडी त्या कुटुंबात सामावून जाते. म्हणून मी ‘अअ बब बब कक’ असे लिहितो. शिवाय मधल्या चारही ओळी गुरूवर संपतात आणि बाहेरच्या दोन्ही जोड्या लघूवर. झरा आणि झाड म्हणजे पाण्याच्या ओळी कडेला, गाव-शेते-वाट म्हणजे माणसांच्या वावराच्या ओळी मध्ये, ही विभागणी यमकानेही केली आहे. त्या मधल्या भागाची सुरुवात ‘टेकडीकडे’ने होते आणि शेवट ‘डोहाकडे’ने. एकच ‘कडे’ पहिल्यांदा वर नेते आणि मग खाली.

अंत्ययमकाच्या पलीकडे दोन अंतर्यमके आहेत आणि तीही टोकांना. पहिल्या ओळीत ‘ऐल तटावर, पैल तटावर’ पहिल्या आणि दुसऱ्या आवर्तनाला सांधते. शेवटच्या ओळीत ‘बसला असला’ दुसऱ्या आवर्तनाचा शेवट आणि तिसऱ्याची सुरुवात यांना सांधते, म्हणजे जुळणारे शब्द एकमेकांना टेकून उभे आहेत. ‘तटावर’ मधला ‘वर’ शेवटच्या जोडीत ‘लाटांवर’ म्हणून यमकाच्या जागी परत येतो. चौथ्या ओळीत ‘गर्दी’ ऐवजी ‘गरदी’ का, असे कोणी विचारील. मात्रांसाठी नव्हे, कारण ‘गर्दी’ही चारच मात्रांचा शब्द आहे. ‘गरदी’ केल्याने तो ‘हिरवी’च्या मापाचा, लघु-लघु-गुरू होतो आणि दोन्ही शब्द जोडीने चालतात. अडवी, तिडवी, पसरी, बसला, असला, हे सारे त्याच मापाचे आहेत.

सुनीताचा मुद्दा थोडक्यात संपवतो. केशवसुतांपासून मराठीत रुळलेले सुनीत चौदा ओळींचे असते. आठ ओळींत एक विचार उभारून सहा ओळींत त्याला वळण देणे हे त्याचे अंग आहे. मराठी सुनीते बरीचशी शार्दूलविक्रीडितात आहेत, कदाचित तुम्हाला तसे सांगणाऱ्याचा गोंधळ तिथूनच झाला असेल. ‘औदुंबर’मध्ये ओळी आठ आहेत एवढेच साम्य. या चार द्विपदी आहेत, प्रत्येक द्विपदी म्हणजे एक पूर्ण वाक्य किंवा दोन छोटी वाक्ये, आणि वाक्य कधीही द्विपदीची सीमा ओलांडत नाही. वळण आहे, पण ते सातव्या ओळीला आहे.

त्या वळणाचे व्याकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिल्या सहा ओळींत कर्ता लवकर हाती येतो : झरा, गाव, गरदी, पायवाट. सातव्या ओळीत ‘पसरी’ या क्रियापदाचा कर्ता कोण? काळिमा स्वतः लाटांवर पसरतो असेही वाचता येते, किंवा कोणीतरी जळ झाकळून गोड काळिमा लाटांवर पसरवतो असेही, आणि मग तो ‘कोणीतरी’ आठव्या ओळीच्या शेवटच्या शब्दात भेटतो. ‘पसरी’ या रूपाला दोन्ही अर्थ सोसतात. मी दुसऱ्या बाजूचा आहे. ‘झांकळुनी’ आणि ‘टाकुनी’ ही दोन्ही कृदंते दोन ओळींच्या आरंभी समोरासमोर आली आहेत. त्यांचा कर्ता एकच मानला की वाक्य एका ओळीच्या नव्हे, दोन पूर्ण ओळींच्या लांबीवर ताणले जाते आणि झाडाच्या नावावर येऊन सुटते. आधी सावली दिसते, मग झाड.

‘असला’ या शब्दावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि जळात पाय टाकून बसलेला औदुंबर विरक्त की उदास की तृप्त, हा वाद वृत्त मोजून मिटणारा नाही. पण मोजणी एक मर्यादा घालून देते. ‘असला’ हा ‘अशा प्रकारचा’ या अर्थाचा शब्द तिसऱ्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे ठेक्याच्या टाळीवर येतो. ‘बसला’शी जुळण्यापुरता भरीला घातलेला शब्द म्हणून त्याची बोळवण करता येणार नाही, वरच्या सात ओळींत जे दाखवले ते सर्व ‘असला’ म्हणत तो झाडावर आणून ठेवतो.

शेवटी प्रतीबद्दल. बालकवी एकाच प्रत्ययाची रूपे गरजेप्रमाणे बदलतात : ‘तयांतुनि’ आणि ‘मधुनि’ यांत ऱ्हस्व ‘नि’, ‘झांकळुनी’ आणि ‘टाकुनी’ यांत दीर्घ ‘नी’. ‘त्यांतुनि’ ऐवजी ‘तयांतुनि’ हे जुने रूप घेण्याचे कारणही एक मात्रा हेच आहे. ‘त्यांतुनि’ चार मात्रांचे होते आणि ओळ २६वर अडते. हे बारकावे आजच्या नियमांप्रमाणे ‘सुधारून’ छापणाऱ्या प्रती पुष्कळ आहेत. त्यांत ‘घेऊन’ आणि ‘बेटाबेटांतून’ असे दीर्घ ऊकार दिसतात, आणि गंमत म्हणजे त्यामुळे पहिल्या दोन ओळी कोणत्याही सवलतीशिवाय २७ मात्रांच्या होतात. पण ‘लाटांवर’ आणि ‘औदुंबर’ यांना अशी दुरुस्ती लागू होत नाही, तिथे अंत्य लघूची सवलत घ्यावीच लागते. म्हणून तुमच्या पुस्तकात ‘घेउन’ आहे की ‘घेऊन’, ते आधी पाहा. जे छापले असेल तेच उद्धृत करा आणि त्यावरच मात्रा मांडा. ‘घेउन’ असेल तर चार ओळी अंत्य लघूच्या लिहा, ‘घेऊन’ आणि ‘तून’ असतील तर दोन.